दोर ओढतो, थांबवत नाही

रस्त्यात बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेण्याला आपल्याकडे ‘टोचन’ म्हणतात. इंग्रजीतले ‘टो’ आणि ‘चेन’ हे दोन शब्द ट्रकवाल्यांच्या तोंडी घासून घासून त्याचं हे रूप झालं असावं. मला हा शब्द आवडतो. परका पाहुणा घरात आला, जेवला आणि घरचाच झाला, असा हा शब्द आहे. पण शब्द जितका आपलासा झाला, तितकं त्यामागचं शास्त्र मात्र आपलं झालेलं नाही. गाडी बंद पडली की आपण दोर शोधतो, गाठ मारतो, मागच्या गाडीत कुणाला तरी बसवतो आणि ‘तू फक्त स्टिअरिंग धर’ असं सांगून निघतो. या ‘फक्त’मध्ये केवढा धोका लपलेला आहे, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

माझे मामू मुंबई-गोवा रस्त्यावर ट्रक चालवायचे. कशेडीच्या घाटात त्यांनी किती गाड्यांना टोचन लावलं असेल, याची गणती नाही. गाडीबद्दल ते फार बोलत नसत, पण एक गोष्ट मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. ते म्हणायचे, “पोरा, पुढचा चुकला तर मागचा सावरून घेईल. मागचा चुकला, तर मग कुणी नाही.” मला त्या वयात हे उलटं वाटायचं. इंजिन पुढच्या गाडीचं, जोर पुढच्या गाडीचा, मग मागच्याला एवढं महत्त्व कशासाठी? याचं उत्तर मला गाड्यांत नव्हे, शेतात सापडलं.

आठवा, पूर्वी विहिरीवर मोट चालायची. बैल धावेवरून उतरू लागले की मोटेचा नाडा ताठ व्हायचा आणि पाण्यानं भरलेली मोट वर यायची. बैल मागे सरकले की तोच नाडा सैल पडायचा. नाड्याचं काम एकच, ओढणं. त्याला ढकलता येत नाही आणि कुणाला रोखताही येत नाही. आता बैलगाडी बघा. तिथे बैल आणि गाडी यांच्यामध्ये दोर नाही, लाकडी दांड्या आहेत आणि त्यांच्या टोकाला जू आहे. बैल चालले की गाडी चालते, आणि बैल थांबले की दांड्यांमुळे गाडीही थांबते. उतारावर गाडी पुढे रेटू लागली तर बैल मानेनं तिला तोलून धरतात. नाडा आणि दांडी यांच्यात हा जो फरक आहे, तोच टोचनाचा सगळा सिद्धान्त आहे. दोर ओढतो, थांबवत नाही.

अमेरिकेत आणि कॅनडात लोक घरासारखी सोय असलेली मोठी मोटारगाडी घेऊन महिनोन्‌महिने फिरायला निघतात. गावात हिंडायला लहान गाडी हवी, म्हणून ती मागे जोडतात. चारही चाकं रस्त्यावर टेकलेली, आणि आत कुणीही बसलेलं नाही. हे तिथं कसं जमतं? कारण ते दोर वापरत नाहीत. दोन गाड्यांच्या मध्ये त्रिकोणी आकाराचा पक्का लोखंडी दांडा असतो. तो लहान गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या पट्टीला जोडतात. दांडा निसटलाच तर गाडी मोकाट सुटू नये म्हणून दोन साखळ्या असतात. मागच्या गाडीचा ब्रेक आपोआप दाबणारं वेगळं यंत्र असतं आणि तिचे दिवे पुढच्या गाडीच्या दिव्यांबरोबर लागावेत म्हणून तार जोडलेली असते. म्हणजे ओढणं, थांबवणं, वळवणं आणि इतरांना दिसणं, या चारही कामांची तिथं यंत्रानं व्यवस्था केलेली आहे.

आपण दोर बांधतो तेव्हा यातलं एकच काम होतं, ओढण्याचं. उरलेली तीन कामं मागच्या गाडीत बसलेल्या माणसाच्या माथी येतात. तो प्रवासी नव्हे, चालक आहे. किंबहुना दोघांत अवघड काम त्याचं आहे. आपली रीत मात्र नेमकी उलटी. सराईत माणूस पुढच्या गाडीत बसतो आणि मागे बसतो तो धाकटा भाऊ, नुकतंच शिकलेला मुलगा नाहीतर रस्त्यावर मदतीला आलेला कुणी. म्हणून पहिला नियम हा, की दोघांपैकी जो अधिक चांगला चालक असेल त्यानं मागे बसावं. त्याच्याकडे परवाना असणं तर कायद्यानंच आवश्यक ठरवलं आहे. आणि त्या गाडीत दुसरं कुणीही नको. बायकामुलांना, म्हाताऱ्यांना दुसऱ्या वाहनानं पाठवावं.

आता मागच्या गाडीत नेमकं काय बदललेलं असतं ते पाहू. इंजिन बंद असतं. इंजिन म्हणजे केवळ चाकं फिरवणारं यंत्र नव्हे. आपण ब्रेक दाबतो तेव्हा पायाचा जोर वाढवायला इंजिनाची मदत असते. इंजिन चालू असताना तयार होणारी हवेची पोकळी ब्रेक बूस्टरमध्ये साठते आणि ती आपल्या पायाला साथ देते. इंजिन बंद झालं की साठलेली पोकळी एक-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरती पुरते. त्यानंतर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक गेलेला नसतो, पण तो लागायला सगळा जोर लावावा लागतो. ज्याला हे माहीत नाही तो घाबरतो, ‘ब्रेक फेल’ म्हणून ओरडतो आणि पाय उचलतो. म्हणून निघण्यापूर्वी उभ्या गाडीत चार-पाच वेळा ब्रेक दाबून पाहावा. पेडल कडक झालं की आपल्याला पुढे किती जोर लावायचा आहे, ते पायाला कळतं.

स्टिअरिंगचंही तसंच. पॉवर स्टिअरिंगची मदत गेली की चाक वळवताना दंड भरून येतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट किल्लीची. किल्ली काढून घेतली की बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग कुलूप लागल्यासारखं जागच्या जागी अडकतं. ओढल्या जाणाऱ्या गाडीत असं झालं, तर पुढची गाडी वळेल आणि मागची सरळ जाईल. म्हणून किल्ली आतच हवी आणि इग्निशन चालू हवं. बटणाच्या गाडीतही इंजिन सुरू न करता इग्निशन चालू ठेवावं. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर काही गाड्यांत स्टिअरिंगचं कुलूप किंवा विजेवर चालणारा हँडब्रेक सुटतच नाही. अशा गाडीला दोर लावण्याचा विचार सोडून द्यावा. बिघाड क्लचसारखा असेल आणि इंजिन व्यवस्थित चालत असेल, तर ते चालू ठेवून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींची मदत शाबूत राहते.

कुठली गाडी ओढावी आणि कुठली ओढू नये, हेही समजून घेतलं पाहिजे. हातानं गिअर टाकायची साधी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून थोडं अंतर हळू ओढता येते. ऑटोमॅटिक गाडीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, पण चाकं फिरताहेत, म्हणजे आतले भाग तेलावाचून फिरताहेत. थोड्या अंतरातही गिअरबॉक्स कायमचा बिघडू शकतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत चाकांबरोबर मोटरही फिरते आणि फिरणारी मोटर वीज तयार करू लागते. ती वीज त्या यंत्रणेला नको त्या वेळी मिळते आणि नुकसान होऊ शकतं. हायब्रिड आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांचे नियम आणखी वेगळे. अशा गाड्या सपाट पाठीच्या ट्रकवर, म्हणजे फ्लॅटबेडवर चढवूनच न्याव्यात. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात टोइंगवर एखादं पान असतं. ते पुस्तक आपण हातमोजे ठेवायच्या खणात वर्षानुवर्षं झोपवून ठेवतो. गाडी चांगली असताना ते पान एकदा वाचून ठेवावं. आणि ज्या गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग किंवा चाकच निकामी झालंय, तिला दोर लावू नये. ती उचलूनच न्यावी लागते.

दोराकडे वळू. एक छोटा हिशेब मांडतो. कवीनं हिशेब मांडावा याचं कुणाला हसू येईल, पण मात्रा मोजायची सवय इथेही कामी येते. हजार किलोची गाडी सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगानं ओढायला जेमतेम १५ किलो वजनाइतका जोर लागतो. म्हणून तर दोन माणसं गाडी ढकलू शकतात. पंधराला एक असा चढ आला, की हाच जोर ८० किलोच्या आसपास जातो. यानं कुठलाही बरा दोर तुटणार नाही. मग दोर तुटतात कसे? झटक्यानं.

समजा, दोर सैल पडला आहे आणि पुढची गाडी मागच्या गाडीपेक्षा ताशी फक्त ५ किलोमीटरनं जास्त वेगात आहे. दोर एकदम ताठ होतो. लोखंडी साखळी जवळजवळ ताणली जात नाही. तिला आणि गाडीच्या सांगाड्याला मिळून ५ सेंटिमीटरचीच सवड मिळाली, तर तेवढ्या क्षणी सरासरी दोन टनांचा जोर बसतो. तोच नायलॉनचा पट्टा अर्धा मीटर ताणला गेला, तर जोर २०० किलोवर येतो. गाडी तीच, वेग तोच, पण झटका दहापट कमी. म्हणून टोइंगसाठी मिळणारा, गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट ताण सोसणारा पट्टा डिकीत असावा. कपडे वाळत घालायची दोरी दुहेरी-तिहेरी केली म्हणून तो पट्टा होत नाही.

मात्र ताणलेल्या नायलॉनमध्ये गलोलीच्या रबरासारखी ताकद साठलेली असते. हूक निसटला की तो सुटलेला तुकडा गोळीसारखा येतो. म्हणून दोर ताठ होताना त्याच्या आसपास किंवा रेषेत कुणीही उभं राहू नये. दोराच्या मध्यावर ओलं पोतं किंवा जाड चादर टाकली तर तुटलेला दोर उसळण्याऐवजी खाली पडायला मदत होते. तिचं टोक रस्त्यावर लोळणार नाही, अशी ती नीट गुंडाळून बांधावी.

दोर बांधायचा कुठे? बंपरला नाही. आजचे बंपर प्लास्टिकचे आहेत, ते शोभेचे. खाली वाकून हाताला लागेल त्या दांड्यालाही नाही. तो स्टिअरिंगचा किंवा सस्पेन्शनचा भाग निघाला तर चाकं वाकडी होतील. जॅक आणि पान्ह्याच्या पिशवीत आटे असलेलं एक जाड लोखंडी कडं असतं. बंपरवरची छोटी झाकणी काढली की त्याची जागा दिसते. ते शेवटपर्यंत पिळून घट्ट बसवावं. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे डावीकडे फिरवल्यावर ते बसतं. दोराला गाठ मारली की तो गाठीपाशी दुबळा होतो, म्हणून गाठीऐवजी स्क्रूचं शॅकल वापरावं.

आता प्रत्यक्ष चालवणं. पुढच्यानं पहिल्या गिअरमध्ये, क्लच अलगद सोडत, आधी फक्त दोर ताठ करावा. तो ताठ झाला की मगच गाडी हलवावी. सुईत दोरा ओवताना हात जसा स्थिर ठेवतो, तसं हे काम आहे. मागच्यानं पूर्ण प्रवासात एकच ध्यास धरायचा, दोर ताठ ठेवायचा. पुढची गाडी हळू होतेय असं दिसलं की त्याआधीच हलका ब्रेक लावायचा. उतार लागला की ब्रेकवर पाय ठेवून दोर ताणलेला राखायचा. खरं तर थांबायचं असेल तेव्हा आधी ब्रेक मागच्यानं लावायचा असतो. पुढच्याचा ब्रेक त्यानंतरचा. मामूंचं म्हणणं इथे उलगडतं. वळणावर दोरानं ओढलेली गाडी आतल्या बाजूला खेचली जाते, म्हणून पुढच्यानं वळण रुंद घ्यावं, म्हणजे मागचा कठड्याला किंवा फुटपाथला घासणार नाही.

वेगाचं काय? १९८९ च्या रस्त्यावरच्या नियमांत अशा गाडीसाठी ताशी २४ किलोमीटरची मर्यादा घातलेली होती आणि दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, असं सांगितलं होतं. त्या नियमांची जागा २०१७ मध्ये नव्या नियमावलीनं घेतली. पण हे आकडे कुणा साहेबाच्या मनात आले म्हणून लिहिलेले नव्हते. ताशी २५ किलोमीटरनं गाडी एका सेकंदात सात मीटर जाते. माणसाला धोका दिसून पाय ब्रेकवर जायला साधारण तो एक सेकंद लागतोच. म्हणजे या वेगातही मागचा विचार करेपर्यंत दोराच्या लांबीहून जास्त रस्ता सरलेला असतो. ताशी ६०चा वेग असेल तर हेच अंतर सतरा मीटर होतं. मग तो चालक उरत नाही, पुढच्या गाडीच्या पाठीवर फेकलेला दगड होतो.

मग दोर आणखी लांब का नको? कारण मधल्या मोकळ्या जागेत इतर लोक शिरतात. दोन वर्षांपूर्वी दिवेलागणीच्या सुमारास माणगावच्या बाहेर एका टपरीवर मी चहा घेत होतो. एक टेम्पो एका गाडीला ओढत नेत होता. दोर निळा होता आणि संध्याकाळच्या त्या उजेडात तो मलाही आधी दिसला नाही. पलीकडून एका मोटारसायकलवाल्यानं पाहिलं की दोन गाड्यांच्या मध्ये चांगली फट आहे, आणि त्यानं गाडी आत घातली. टपरीवाला जिवाच्या आकांतानं ओरडला. तो मुलगा दोरापासून हातभर अंतरावर थांबला. मागे त्याची लहान बहीण बसली होती. दोर त्यांच्या अगदी समोर आडवा होता.

या मुलाची चूक काय? त्याला दोन स्वतंत्र गाड्या दिसत होत्या. त्या बांधलेल्या आहेत, हे त्याला सांगणं ओढणाऱ्यांचं काम होतं. म्हणूनच दोर सहज ओळखू यावा, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या मागे पांढऱ्यावर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंच अक्षरांत ‘ऑन टो’ लिहिलेलं असावं, अशी अट १९८९ च्या नियमांत होती. दोराच्या मध्यावर लाल किंवा भगभगीत रंगाचं फडकं बांधायला काहीच पैसे पडत नाहीत. दोन्ही गाड्यांचे धोक्याचे दिवे लावावेत. ते लागलेले असताना अनेक गाड्यांत वळणाचा इशारा वेगळा दिसत नाही, म्हणून वळताना हात बाहेर काढून दाखवावा. आणि अंधार पडल्यावर दोरानं ओढणं टाळावंच.

निघण्यापूर्वी दोघांनी पाच मिनिटं उभ्या उभ्या बोलून घ्यावं. कुठल्या रस्त्यानं जायचं, कुठे थांबायचं, एक हॉर्न म्हणजे काय, दोन हॉर्न म्हणजे काय. धोका वाटला तर लांब हॉर्न, आणि तो ऐकला की पुढच्यानं कारण न विचारता, हळूहळू वेग कमी करत बाजूला घ्यायचं. मोबाइल कानाला लावून हे काम होत नाही. मागच्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत.

आणि जायचं कुठवर? जवळच्या गॅरेजपर्यंत, किंवा जिथे गाडी सुरक्षित उभी राहील तिथपर्यंत. दोर हा प्रवासासाठी नाही, सुटकेसाठी आहे. घाटात, विशेषतः उतारावर, दोर लावू नये. मदत न मिळालेले, इंजिन बंद असलेले ब्रेक सतत दाबून तापतात आणि हळूहळू त्यांची पकड सुटते. मामूंचा काळ वेगळा होता, तेव्हा घाटात दुसरा उपाय नव्हता. आज आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते, गाडीच्या विम्यात किंवा कंपनीच्या योजनेत बऱ्याचदा रस्त्यावरच्या मदतीची सोय असते. द्रुतगती मार्गावर तर ताशी ऐंशी-शंभरनं धावणाऱ्या वाहनांच्या मध्ये पंचविसानं चालणारी दोन गाड्यांची जोडी म्हणजे आमंत्रण दिलेला अपघात. तिथे लाल त्रिकोण बराच मागे ठेवून, सगळ्यांनी गाडीतून उतरून, कठड्याच्या पलीकडे थांबून क्रेनची वाट पाहावी. क्रेनचे पैसे जास्त वाटतात खरे. पण त्या पैशात मागच्या गाडीत बसणाऱ्या माणसाचा जीव धरला, तर हिशेब लगेच बदलतो.

रस्त्यात अडलेल्याला हात देणं ही आपली जुनी, चांगली सवय आहे. अनोळखी माणूस गाडी थांबवतो, दोर काढतो, चहाचे पैसेही घेत नाही. ती सवय जपायलाच हवी. एवढंच लक्षात असू द्या, की दोर बांधला त्या क्षणापासून दोन अनोळखी माणसांचं नशीबही एकत्र बांधलं जातं. तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘तू फक्त स्टिअरिंग धर’ असं म्हणालं, तर आधी खाली उतरा, ब्रेक दाबून पाहा, किल्ली कुठे आहे ते पाहा, दोर कशाला बांधलाय ते पाहा. आणि यातलं एक जरी मनासारखं नसेल, तर सरळ सांगा, “थांबा, मी बसत नाही.”